आज्ञेचे व्याकरण : पायथॉन-प्रोग्रामला माहिती पुरविण्याच्या रीती

एखाद्या ग्रंथातील शब्द मोजणे, दोन आवृत्त्यांतील पाठभेद ताडून पाहणे, म्हणींची सूची तयार करणे ही कामे पूर्वी कार्डांच्या गठ्ठ्यांवर होत असत. आज ती दहावीस ओळींच्या पायथॉन-प्रोग्रामने होतात आणि कलाशाखेचे विद्यार्थीही असे प्रोग्राम लिहू लागले आहेत. असा प्रोग्राम लिहिणे फारसे अवघड नाही. तो दुसऱ्याच्या हाती देण्याजोगा करणे मात्र अवघड आहे. लिहिणाऱ्याच्या संगणकावर नीट चालणारा प्रोग्राम शेजारच्या विद्यार्थ्याकडे गेला की अडतो. कारण फाइलचे नाव, मोजणीची मर्यादा, वगळायचे शब्द हे सारे त्याच्या पोटात पक्के बसवलेले असते. ते बाहेरून कसे द्यावे आणि देताना किती सवलत ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून मी ‘शब्दगणना’ नावाचा एक लहान प्रोग्राम घेतो. दिलेल्या ग्रंथात कोणता शब्द किती वेळा आला, एवढेच तो सांगतो. ग्रंथ म्हणून महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) किंवा बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) डोळ्यांपुढे ठेवावे. या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली असल्याने त्यांची संहिता संगणकावर घेऊन अभ्यासण्यास अडचण नाही.

एक सूचना आधीच करून ठेवतो. हा लेख सर्वस्वी देवनागरीत आहे. त्यामुळे पायथॉनचे मूळ शब्द येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते रोमन लिपीतच टंकावेत.

१. लपलेले निर्णय

समजा, शब्दगणनेच्या प्रोग्राममध्ये ‘पाचपेक्षा कमी वेळा आलेले शब्द दाखवू नयेत’ अशी एक ओळ आहे. लिहिणाऱ्याने ती यादी आटोपशीर व्हावी म्हणून घातली. पुढे तोच प्रोग्राम दुसऱ्या कोणी वापरला आणि यादीवरून ‘या लेखकाचा शब्दसंग्रह बेताचाच आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष लेखकाविषयीचा नसून त्या एका ओळीविषयीचा ठरेल. कोणत्याही मोठ्या ग्रंथातील वेगवेगळ्या शब्दांपैकी बराच मोठा हिस्सा एकदाच आलेल्या शब्दांचा असतो, आणि तोच येथे गाळला गेला आहे.

‘आणि’, ‘व’, ‘तर’ ही अव्यये वगळावीत की नाहीत, हाही असाच प्रश्न. आशयाचा अभ्यास करणाऱ्याला ती नको असतील. शैलीचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच हवी असतील. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या निर्णयामुळे उत्तर बदलते तो निर्णय प्रोग्रामच्या पोटात राहू नये. तो आज्ञेत, म्हणजे कमांड लाइनवर, वाचता आला पाहिजे. आर्ग्युमेंट्सचा विचार सोयीसाठी तर करावाच, पण त्याहून अधिक या कारणासाठी करावा.

२. पहिली पायरी : आर्गव्ही

कमांड लाइनवर आपण प्रोग्रामच्या नावापुढे जे काही लिहितो ते पायथॉन एका यादीत ठेवतो. ही यादी ‘सिस’ या मोड्यूलमध्ये असते आणि तिचे नाव ‘आर्गव्ही’. हे नाव सी भाषेतून आले आहे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात ते सापडते. समजा, आपण अशी आज्ञा दिली :

पायथॉन शब्दगणना.पीवाय असूड.टीएक्सटी ५

तर सिस.आर्गव्ही या यादीत तीन गोष्टी येतील. शून्याव्या स्थानी प्रोग्रामचे स्वतःचे नाव, पहिल्या स्थानी ‘असूड.टीएक्सटी’ आणि दुसऱ्या स्थानी ‘५’. येथे तीन बाबी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अशी की, यादीतील प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येते. ‘५’ हा येथे आकडा नसून आकड्याचे चिन्ह आहे. तो एखाद्या संख्येपेक्षा लहान की मोठा हे ताडू गेल्यास पायथॉन चूक दाखवून थांबतो. ‘इंट’ हे फलन वापरून त्याची संख्या करून घ्यावी लागते.

दुसरी अशी की, शब्द कोठे तोडायचे हे पायथॉन ठरवीत नाही. लिनक्ससारख्या प्रणालीत ते काम शेलचे, म्हणजे आपण ज्या खिडकीत आज्ञा टंकतो तेथील दुभाष्याचे. फाइलचे नाव ‘शेतकऱ्याचा असूड’ असे दोन शब्दांचे असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे. एरवी प्रोग्रामला दोन निराळ्या फाइली दिल्यासारखे वाटेल. तारकाचिन्हाचेही तसेच. लिनक्सवर शेल तारकेच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे घालून मगच ती प्रोग्रामकडे सोपवतो. विंडोजच्या साध्या कमांड-खिडकीत मात्र तारका जशीच्या तशी प्रोग्रामपर्यंत पोचते आणि तिचा अर्थ ‘ग्लॉब’ या मोड्यूलच्या साहाय्याने आपणच लावावा लागतो. एका संगणकावर चालणारी आज्ञा दुसरीकडे चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

तिसरी बाब अशी की, मागितलेल्या स्थानी काही नसेल तर प्रोग्राम ‘यादीच्या मर्यादेबाहेर’ अशा अर्थाची चूक दाखवतो. लिहिणाऱ्याला ती कळते. वापरणाऱ्याला तिच्यातून काहीच बोध होत नाही.

३. स्थान आणि प्रत्यय

एकदोन गोष्टी द्यायच्या असतील तोवर आर्गव्ही पुरते. पण फाइल, किमान संख्या, वगळायचे शब्द आणि यादीचा क्रम अशा चार गोष्टी झाल्या की खरी अडचण सुरू होते. चौथी द्यायची तर दुसरी आणि तिसरी नको असतानाही द्यावी लागते. क्रम चुकला तर पाचाच्या जागी फाइल आणि फाइलीच्या जागी पाच.

ही अडचण भाषेच्या विद्यार्थ्याला परिचयाची वाटावी. ‘मांजर पाखरू पकडते’ या वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण हे शब्दांच्या स्थानावरून ओळखावे लागते, कारण दोहोंपैकी एकालाही प्रत्यय नाही. याउलट ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ या वाक्यांचा अर्थ एकच. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय नामांना चिकटलेले असल्याने त्यांनी कोठेही बसावे. त्यांचे नाते बदलत नाही.

कमांड लाइनवरही हेच दोन प्रकार आहेत. स्थानावरून ओळखली जाणारी आर्ग्युमेंट्स ही प्रत्ययरहित नामे होत. ‘--किमान ५’ यासारखी, दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या नावासह दिलेली आर्ग्युमेंट्स ही सप्रत्यय नामे होत. त्यांना ऑप्शन म्हणजे पर्याय म्हणतात. पर्याय आधी दिला काय किंवा नंतर दिला काय, अर्थ तोच राहतो आणि मुळीच दिला नाही तरी चालते.

यावरून एक सोपा नियम हाती लागतो. ज्यावाचून काम सुरूच होऊ शकत नाही आणि ज्याविषयी संदेह होण्यासारखा नाही, ते स्थानावर सोडावे. शब्दगणनेत अशी गोष्ट एकच : फाइल. बाकी सर्वांना नाव द्यावे.

४. आर्गपार्स

हे व्याकरण स्वतः लिहीत बसण्याची गरज नाही. गिदो फान रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या या भाषेत त्यासाठी निरनिराळ्या काळी निरनिराळी मोड्यूले आली. ‘गेटऑप्ट’ हे सी भाषेच्या वळणाचे. २००३ साली २.३ या आवृत्तीबरोबर ‘ऑप्टपार्स’ आले. आणि २०१० साली २.७ या आवृत्तीत ‘आर्गपार्स’ दाखल झाले. आज नव्या कामासाठी पायथॉनबरोबर येणाऱ्या मोड्यूलांपैकी आर्गपार्स घ्यावे हे उत्तम.

आपल्या प्रोग्रामसाठी त्याची मांडणी अशी होईल :

पार्सर = आर्गपार्स.आर्ग्युमेंटपार्सर()
पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट('फाइल', एनआर्ग्स='+')
पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट('--किमान', टाइप=इंट, डीफॉल्ट=१)
पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट('--वगळा', ॲक्शन='अपेंड', डीफॉल्ट=[])
पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट('--क्रम', चॉइसेस=['संख्या', 'अकारविल्हे'], डीफॉल्ट='संख्या')
पार्सर.ॲड_आर्ग्युमेंट('--एकरूप', ॲक्शन='स्टोअर_ट्रू')
उत्तर = पार्सर.पार्स_आर्ग्स()

प्रत्येक ओळ म्हणजे वापरणाऱ्याशी केलेला एकेक करार आहे. तो क्रमाने पाहू.

‘फाइल’ या नावामागे रेघ नाही, म्हणून ते स्थानावरचे आर्ग्युमेंट. त्यापुढील अधिकचिन्हाचा अर्थ ‘एक किंवा अधिक’. तेथे तारका लिहिली तर ‘एकही नसली तरी चालेल’ आणि प्रश्नचिन्ह लिहिले तर ‘एक असेल किंवा नसेल’.

‘--किमान’ या पर्यायाचे मूल्य संख्येत रूपांतरित होऊनच आपल्या हाती येते. तो न दिल्यास एक धरला जातो, म्हणजे काहीही गाळले जात नाही. पर्याय न देणाऱ्याला पूर्ण यादी मिळावी आणि गाळणे हे ज्याने मागितले त्याच्याच आज्ञेत दिसावे, यासाठी हा एक मुद्दाम निवडला आहे.

‘--वगळा’ हा पर्याय कितीही वेळा देता येतो आणि प्रत्येक वेळी एक शब्द यादीत जमा होतो : ‘--वगळा आणि --वगळा व’. येथे कोणाला वाटेल की एकदाच ‘--वगळा’ लिहून पुढे सर्व शब्द द्यावेत. तेही अधिकचिन्हाने साधते. पण मग त्यामागून येणारे फाइलचे नावही वगळायच्या शब्दांत ओढले जाते आणि ‘फाइल दिली नाही’ अशी तक्रार येते. मूळ यादी रिकामी ठेवण्यालाही कारण आहे. तिच्यात ‘आणि’, ‘व’ आधीच घालून ठेवले, तर वापरणाऱ्याने दिलेले शब्द त्यांत मिळवले जातात. आधीचे काढून टाकण्याची सोय त्याला राहत नाही.

‘--क्रम’ला दोनच मूल्ये चालतात. तिसरे दिल्यास पार्सर कोणती चालतील ते सांगून थांबतो. येथेही एक निर्णय दडलेला आहे. पायथॉन अक्षरांची मांडणी युनिकोडमधील क्रमांकांनुसार करतो आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागून येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतरचे. कोशासारखी यादी हवी असेल तर हा क्रम वेगळा लिहून घ्यावा लागेल.

‘--एकरूप’ला मूल्यच नाही. तो आज्ञेत असला तर होय, नसला तर नाही. अशा ठिकाणी ‘टाइप=बूल’ लिहिण्याचा मोह टाळावा. पायथॉनच्या दृष्टीने रिकामा नसलेला कोणताही मजकूर खरा असतो. त्यामुळे ‘--एकरूप नाही’ असे लिहिले तरी त्याचा अर्थ ‘होय’ असाच होईल!

एकरूप करणे म्हणजे काय, तेही सांगतो. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात स्वतंत्र एका चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण मोजणीत ते दोन निरनिराळे शब्द ठरतात. ‘युनिकोडडेटा’ या मोड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ या फलनाला ‘एनएफसी’ रूप मागितले की ही दोन रूपे एक होतात. साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी जी तिसरी रीत आहे ती मात्र या फलनाने बदलत नाही. ती आपण वेगळी बदलून घ्यावी.

याखेरीज ‘-एच’ अथवा ‘--हेल्प’ हा पर्याय पार्सर आपण न सांगताच पुरवतो. प्रत्येक ओळीत ‘हेल्प’ या नावाखाली मराठीत एकेक वाक्य लिहून ठेवले, तर प्रोग्राम कसा वापरावा हे विचारायला आपल्याकडे कोणी येणार नाही.

५. देवनागरी पर्याय

वर मी पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली ती केवळ लेखाच्या सोयीसाठी नव्हे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून चलांची नावेही देवनागरीत ठेवता येतात. त्यामुळे पार्सरकडून आलेले मूल्य ‘उत्तर.किमान’ असे लिहून वाचता येते. इतकेच नव्हे, तर ‘इंट’ या फलनाला देवनागरी अंक समजतात. ‘--किमान ५’ या आज्ञेतील पाच मराठी अंकात टंकला तरी तो पाचच होतो. प्रोग्रामच्या संहितेत मात्र संख्या रोमन अंकांतच लिहाव्या लागतात. तेव्हा वरच्या मांडणीतील ‘डीफॉल्ट’पुढचा एक रोमन अंकात टंकावा.

या सोयीला काही पथ्ये आहेत. आर्गपार्स लांब पर्यायाचे नाव अर्धवट लिहिले तरी ओळखतो, मात्र ते एकाच पर्यायाशी जुळले पाहिजे. आपल्या प्रोग्राममध्ये ‘--कि’ लिहिले तरी ‘--किमान’ समजले जाईल. ‘--क’ लिहिल्यास तो ‘किमान’ की ‘क्रम’ असा संदेह उत्पन्न होऊन पार्सर थांबेल, कारण संगणकाच्या लेखी ‘कि’ म्हणजे ‘क’ आणि त्यामागून वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. (आपण वेलांटी आधी काढतो, संगणक ती नंतर ठेवतो!)

याच कारणास्तव एका रेघेचे आखूड पर्याय नुसत्या अक्षराचे असावेत, त्यांना मात्रा नसावी. समजा, ‘--किमान’ला ‘-क’ हे आखूड नाव दिले आणि कोणी ‘-कि ५’ असे टंकले, तर पार्सर त्याचा अर्थ ‘क या पर्यायाचे मूल्य वेलांटी’ असा लावतो आणि वेलांटी ही संख्या नसल्याची तक्रार करतो. तसेच ‘ऱ’ ज्यात येतो असे शब्द पर्यायाच्या नावात घेऊ नयेत. पार्सर दोन नावांची तुलना चिन्हागणिक करतो. एकरूपतेचा विचार तो करीत नाही.

काही संगणकांच्या कमांड-खिडकीत देवनागरी मात्रा नीट उमटत नाहीत. अशा वेळी त्याच ओळीत ‘--किमान’च्या जोडीला रोमन लिपीतील नाव द्यावे. एका पर्यायाला अनेक नावे चालतात आणि जे लांब नाव पहिले लिहिले असेल त्याच नावाने मूल्य आपल्याला मिळते.

६. सवलत कोठवर?

प्रोग्राम लवचिक असावा याचा अर्थ त्याने काहीही स्वीकारावे असा नाही. आर्गपार्समध्ये ‘पार्स_नोन_आर्ग्स’ अशी एक सोय आहे. ती वापरली तर अनोळखी पर्यायांबद्दल तक्रार न करता प्रोग्राम त्यांना बाजूला काढतो. एका प्रोग्रामने काही आर्ग्युमेंट्स दुसऱ्याकडे पोचवायची असतील तेथे ती उपयोगाची आहे. आपल्यासारख्या कामात ती घातक. कोणी ‘--किमान’ऐवजी ‘--कीमान ५’ असे दीर्घ लिहिले तर नेहमीचा पार्सर थांबून चूक दाखवतो. ही सोय वापरून बाजूला काढलेल्यांकडे दुर्लक्ष केले, तर प्रोग्राम मुकाट्याने एक धरून चालेल आणि वापरणारा पाचच्या भरवशावर निष्कर्ष काढील.

नावे तोडून लिहिण्याच्या सवलतीचेही तसेच. आज ‘--कि’ पुरते. उद्या ‘--किती’ नावाचा नवा पर्याय घातला की जुन्या टिपणवहीतील सर्व आज्ञा संदिग्ध होतात. ज्यांना आज्ञा जपून ठेवायच्या आहेत त्यांनी ‘अलाउ_अब्रीव्ह’ ही सोय बंद करावी.

मूल्यांची छाननी हीही प्रोग्रामचीच जबाबदारी. ‘इंट’ला उणे पाच चालतात, आपल्या मोजणीला चालत नाहीत. मजकूर घेऊन धन संख्या परत देणारे आणि एरवी ‘आर्ग्युमेंटटाइपएरर’ उपस्थित करणारे चार ओळींचे फलन लिहून ते ‘टाइप’च्या जागी द्यावे. दोन पर्याय परस्परविरोधी असतील तर ‘पार्सर.एरर’ या फलनाने तसे सांगावे. ते संदेश छापून प्रोग्राम थांबवते आणि समाप्तीचा अंक दोन असा कळवते. त्यामुळे बोलावणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामलाही बिघाड समजतो.

‘दिले नाही’ आणि ‘शून्य दिले’ यांतला भेदही सांभाळला पाहिजे. समजा, यादीतील पहिले किती शब्द दाखवायचे यासाठी एक पर्याय आहे आणि तो नसल्यास सर्व दाखवायचे आहेत. अशा वेळी मूळ मूल्य ‘नन’ ठेवावे आणि प्रोग्राममध्ये ‘नन आहे का’ असेच विचारावे. नुसते ‘मूल्य आहे का’ असे विचारले तर शून्यालाही ‘नाही’ असे उत्तर येते आणि एकही शब्द नको म्हणणाऱ्यासमोर संपूर्ण ग्रंथ येऊन पडतो.

फाइलचे नावच रेघेने सुरू होत असेल तर तिच्या आधी नुसत्या दोन रेघा लिहाव्यात; त्यापुढील सर्व काही पर्याय न समजता स्थानावरचे समजले जाते.

७. आज्ञा हीच नोंद

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे वळू. सर्व निर्णय आज्ञेत आले की ती आज्ञा हीच अभ्यासाच्या पद्धतीची नोंद होते. ‘मी अव्यये वगळून, पाचच्या वर आलेले शब्द घेतले’ असे प्रबंधात लिहिण्याबरोबर ती एक ओळ जशीच्या तशी दिली, तर परीक्षकाला तीच मोजणी पुन्हा करून पाहता येते. आज्ञा फार लांब होत असेल तर पार्सर तयार करताना ‘फ्रॉमफाइल_प्रीफिक्स_कॅर्स’ या नावाने ‘@’ हे चिन्ह नेमून द्यावे. मग ‘@नियम.टीएक्सटी’ असे लिहिले की त्या फाइलीतून ओळीमागे एक याप्रमाणे आर्ग्युमेंट्स वाचली जातात. त्या फाइलीत ‘--किमान=५’, ‘--वगळा=आणि’ अशा ओळी लिहून ती ग्रंथाच्या संहितेशेजारी जपून ठेवावी.

आणखी एक सवय लावून घ्यावी असे मी सुचवीन. प्रोग्रामने यादी छापण्यापूर्वी कोणत्या मूल्यांनी काम केले ती सर्व मूल्ये, न दिलेली धरून, डोक्यावर छापावीत. ‘वार्स’ या फलनाने ती एका ओळीत मिळतात. यादीचा कागद आज्ञेपासून सुटला तरी तिच्यामागील गृहीते तिच्याबरोबर राहतात.

ज्या मित्रांकडे असे छोटे प्रोग्राम आधीच आहेत त्यांनी ते उघडून पाहावेत. संहितेत थेट लिहिलेले प्रत्येक फाइलनाम, प्रत्येक संख्या आणि शब्दांची प्रत्येक यादी पेन्सिलीने अधोरेखित करावी. त्यांपैकी जिच्यामुळे उत्तर बदलते तिला एक नाव द्यावे, एक समंजस मूळ मूल्य द्यावे आणि मदतीचे एक वाक्य द्यावे. एका संध्याकाळचे काम आहे. त्यानंतर तो प्रोग्राम वर्गातील कोणीही चालवू शकेल आणि त्याने काढलेल्या उत्तराविषयी वाद घालायचा झाल्यास कशाविषयी घालायचा, हे आज्ञेच्या त्या एका ओळीत वाचता येईल.